आधी गिऱ्हाईक ठरवा, मग सॉफ्टवेअर : म्युझिक प्रॉडक्शनचा धंदा घरातून सुरू करताना



हडपसरच्या आपल्या बॅचमध्ये मध्यंतरी एक मुलगा आला होता. राहायला मांजरीच्या बाजूला, नोकरी मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत, रात्रपाळी. लेक्चर संपल्यावर सगळे गेले, हा मागे थांबला. म्हणाला, "सर, साठ हजार साठवलेत. घरात छोटा स्टुडिओ टाकायचाय. फक्त एवढं सांगा, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

मी विचारलं, "तुझं पहिलं गिऱ्हाईक कोण?"

तो गप्प. मग म्हणाला, "सर, आधी शिकतो, मग गिऱ्हाईक येईलच की."

मंडळी, इथंच गाडी अडते. व्हिडिओ बघून बघून आपल्याला दहा सॉफ्टवेअरची नावं पाठ होतात, पण पैसे देणारा एक माणूस डोळ्यासमोर नसतो. शिलाई मशीन घेताना आपण विचारतो ना, ब्लाउज शिवायचेत की बॅगा? मग इथं का नाही विचारत?

म्हणून आजचा लेख. व्हिडिओत वेळ कमी पडला होता, इथं सविस्तर बोलू.

आधी समजून घ्या, हे सॉफ्टवेअर करतं काय

गाणं रेकॉर्ड करायचं, कापायचं, जोडायचं, वाद्यं भरायची, आवाज सारखे करायचे आणि शेवटी एक फाइल बाहेर काढायची. ही सगळी कामं एकाच ठिकाणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. या लाइनमधली पोरं त्याला नुसतं "डॉ" म्हणतात. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, क्युबेस, लॉजिक प्रो, रीपर ही सगळी त्याच घराण्यातली.

मग चांगलं कोणतं? खरं सांगू का, या सगळ्यांतून उत्तम गाणं बाहेर पडतं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही की कशात बनवलंय. फरक असतो तो काम करायच्या पद्धतीत. एखादं सॉफ्टवेअर माणसांचा आवाज आणि खरी वाद्यं रेकॉर्ड करायला सोपं पडतं, तर एखादं बीट आणि लूप बनवायला.

पुण्याचंच उदाहरण घ्या. रित्विझ हा पुण्यात वाढलेला मुलगा. 2017 साली त्याचं 'उड गये' आलं आणि देशभर वाजलं. संगणकावर बनवलेल्या संगीताचा हा बाज. दुसरीकडे आपले अजय-अतुल. 2016 च्या 'सैराट'साठी त्यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्डिंग केलं. दोन्ही संगीतच, पण काम पूर्णपणे वेगळं. मग हत्यार एकच कसं चालेल?

हडपसरमध्ये पैसे देणारं गिऱ्हाईक कुठंय?

आता मी त्या मुलाला फळ्यावर जे लिहून दिलं, तेच तुम्हाला सांगतो.

पहिलं गिऱ्हाईक : भजनी मंडळ, कीर्तनकार, शाळा. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यातून निघून आपल्या हडपसरपर्यंत येतात. इथून माऊलींची पालखी दिवेघाटाकडे वळते, सासवडला जाते. तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जाते. म्हणजे वारीच्या दोन्ही वाटा आपल्या दारातून फुटतात. आजूबाजूच्या गावांत भजनी मंडळं आहेत, त्यांना आपले अभंग यूट्यूबवर टाकायचेत. शाळेला गॅदरिंगसाठी स्वागतगीत हवं असतं. ही सगळी कामं रेकॉर्डिंगची.

दुसरं गिऱ्हाईक : रॅप करणारी पोरं, डान्स क्लास, डीजे. यांना बीट हवी, मिक्स हवं. ही कामं लूप आणि पॅटर्नची.

तिसरं गिऱ्हाईक : दुकानदार, क्लासवाले, व्हिडिओवाले. दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात, टेम्पोवर फिरणारी घोषणा, रील्ससाठी आवाज, लग्नाच्या व्हिडिओचं निवेदन. ही कामं बोललेल्या आवाजाची. एकेका कामाचा पैसा कमी, पण कामं वारंवार येतात.

यातलं एक निवडा. एकच! बाकीची पुढं येतील.

कोणत्या कामाला कोणतं सॉफ्टवेअर

*भजन आणि गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तर*

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. भजनी मंडळ मेट्रोनोमवर गात नाही. अभंग संथ सुरू होतो, मग लय चढत जाते, शेवटी टाळ-पखवाज पूर्ण रंगात येतात. तुम्ही बुवांच्या कानात टिकटिक घालून "याच लयीत गा" म्हणालात, तर भजनाचा जीवच जाईल. म्हणून इथं ठरलेल्या चौकटीत लूप बसवण्यापेक्षा चार-सहा माइकचे ट्रॅक एकाच वेळी नीट रेकॉर्ड करणं आणि नंतर कापणं-जोडणं ज्यात सोपं आहे, तेच सॉफ्टवेअर घ्या.

या कामाला रीपर चांगलं. एकेकाळी आपण सगळ्यांनी कॉम्प्युटरवर गाणी ऐकायला विनॲम्प वापरलं, आठवतंय? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनंच पुढं रीपर बनवलं. साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, काहीही बंद नसतं. नंतर छोट्या व्यावसायिकासाठी परवाना साठ डॉलरचा, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजार रुपये. या कामातून वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंत उलाढाल असेल तर हाच स्वस्त परवाना चालतो. त्याच्यावर गेलात तर 225 डॉलरचा. पण तेवढी उलाढाल झाली तर मला पेढे आणून द्या!

एक उणीव सांगतो. रीपरसोबत तयार वाद्यांचे आवाज फारसे येत नाहीत. सिंथेसायझर, ड्रम वगैरे वेगळे मिळवावे लागतात. खरी माणसं रेकॉर्ड करणाऱ्याला त्याचा त्रास नाही, बीट बनवणाऱ्याला आहे.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर ट्रॅक्शन कंपनीचं वेव्हफॉर्म फ्री बघा. मोफत आहे आणि ट्रॅकच्या संख्येवर बंधन नाही.

*बीट आणि रॅप असेल तर*

एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या कंपनीचं. 1997 मध्ये फ्रूटीलूप्स नावानं सुरू झालं, जुनी पोरं अजून त्याच नावानं ओळखतात. चौकोन भरत गेलं की ठेका तयार, त्यामुळं नवशिक्याचा हात लवकर बसतो. एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर मोफत. आपल्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण दोन खाचखळगे आहेत, आधीच सांगतो. एक, मोफत ट्रायलमध्ये गाणं बनवता येतं, फाइल बाहेरही काढता येते, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही. त्यासाठी विकत घ्यावंच लागतं. दोन, सगळ्यात स्वस्त असलेल्या फ्रूटी आवृत्तीत माइकवरून गायकाचा आवाज ट्रॅकवर रेकॉर्ड करून बसवायची सोय नाही. त्यासाठी प्रोड्युसर आवृत्ती लागते. स्वस्त पडतंय म्हणून फ्रूटी घेतली आणि रॅपर माइकसमोर उभा राहिल्यावर हे कळलं, असं होऊ देऊ नका.

एबलटन लाइव्ह हे बर्लिनचं, 2001 पासूनचं. स्टेजवर लाइव्ह वाजवणाऱ्यांचं आवडतं. पूर्ण आवृत्ती महाग आहे. पण बऱ्याच ऑडिओ इंटरफेससोबत त्याची लाइट आवृत्ती फुकट येते, तिच्यात ट्रॅकची मर्यादा असते. इंटरफेस म्हणजे दुकानात ज्याला साउंड कार्ड म्हणतात तो डबा. घेताना सोबत कोणतं सॉफ्टवेअर येतंय ते खोक्यावर वाचा. कदाचित वेगळं घ्यायची गरजच पडणार नाही.

*नुसता आवाज असेल तर*

ऑडॅसिटी. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. जाहिरात, निवेदन, पॉडकास्ट यासाठी भरपूर झालं. लॅपटॉपच नसेल तर मोबाइलवर बँडलॅब हे मोफत ॲप आहे. सुरुवात अडू देऊ नका.

*आणि मॅक असेल तर*

गॅरेजबँड फुकट मिळतं, त्यावर सहा महिने काढा. पुढं लॉजिक प्रो घेतलंत तर गॅरेजबँडचे प्रोजेक्ट त्यात उघडतात. पण लॉजिक फक्त ॲपलच्या मशीनवर चालतं. त्यासाठी कर्ज काढून मॅक घेऊ नका. विंडोजवर आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर या सगळ्या कामांची सुरुवात होते.

क्रॅकचं काय, सर?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. कुणी उघड विचारतं, कुणी चहाच्या टपरीवर.

त्या मांजरीच्या मुलानं पुढच्या आठवड्यात खरी गोष्ट सांगितली. त्यानं आधी एकदा प्रयत्न केला होता. मित्रानं पेनड्राइव्हवर एक महागडं सॉफ्टवेअर दिलं, क्रॅक करून. एका दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात घेतली, तीन हजार ॲडव्हान्स घेतला. दहा दिवस रात्रपाळीवरून आल्यावर बसून काम केलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लॅपटॉप सुरू केला, तर एकही फाइल उघडेना. क्रॅकसोबत व्हायरस आला होता, सगळं लॉक. ॲडव्हान्स परत दिला. म्हणाला, "सर, पैशाचं काही नाही. पण त्या काकांनी पुढच्या तीन दुकानदारांना सांगितलं, ह्या पोराला काम देऊ नका."

फुकटच्या सॉफ्टवेअरची किंमत ही अशी चुकवावी लागते.

कायद्याचंही सांगतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63 ब आहे. सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरत नसाल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. पण आपण तर धंद्याला बसलोय! मोफत आणि स्वस्त पर्याय एवढे असताना ही जोखीम घ्यायचीच कशाला?

माझी एक कसोटी : "जरा बदलून द्या"

सॉफ्टवेअर निवडताना लोक प्लगइन मोजतात, डिझाइन बघतात. मी एकच गोष्ट तपासायला सांगतो.

गिऱ्हाईक काम घेऊन गेलं की परत येतं. नेहमी येतं. "दादा, फोन नंबर बदललाय." "मॅडमचं नाव आधी घ्या." "पखवाज जरा वर घ्या." हे टळत नाही, तो धंद्याचाच भाग आहे.

मग कसोटी अशी. एक मिनिटाचं काहीतरी रेकॉर्ड करा. सेव्ह करा, सॉफ्टवेअर बंद करा, लॅपटॉपही बंद करा. पंधरा दिवसांनी परत उघडा. मधलं एक वाक्य बदला, एक आवाज वाढवा, नवीन फाइल काढून मोबाइलवर पाठवा. घड्याळ लावा. अर्ध्या तासात झालं, तर हे सॉफ्टवेअर तुमचं. नाही झालं, तर ते कितीही भारी असू दे, तुमच्या धंद्याचं नाही. किंवा तुमचा हात अजून बसलेला नाही, म्हणजे ॲडव्हान्स घ्यायची वेळ आलेली नाही.

ह्या एका कसोटीत सगळं तपासलं जातं. ट्रायलची अडचण कळते, लॅपटॉपचा दम कळतो आणि तुम्ही फाइलला नावं नीट देता की नाही तेही कळतं.

सॉफ्टवेअर बंद पडलं तर?

हसू नका, असं झालंय. केकवॉक नावाचं अमेरिकेतलं सॉफ्टवेअर 1987 पासून चालू होतं, जगभर लोक वापरत होते. 2013 मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनं ते घेतलं आणि 2017 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की आता आम्ही हे बनवणार नाही. नशिबानं पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेऊन पुन्हा चालू केलं. पण मधल्या काळात वापरणाऱ्यांच्या जिवाला घोर लागलाच ना.

म्हणून सवय लावा. काम पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. गाण्याचा वेगळा, पेटीचा वेगळा, पखवाजाचा वेगळा. वेव्ह फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला एक मिनिटाच्या स्टिरिओ फाइलला साधारण 17 एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं, आठ ट्रॅक, म्हणजे सातशे एमबीच्या आत. एक साधी बाहेरची हार्डडिस्क घेतली की वर्षभराचं काम बसतं. क्रॅकच्या वेळी त्या मुलाकडं अशी डिस्क असती, तर मूळ आवाज तरी वाचले असते.

साठ हजार कुठं घालायचे?

त्या मुलाला मी म्हणालो, सॉफ्टवेअरवर सगळ्यात कमी खर्च कर. क्रम असा लाव :

1. खोलीचा आवाज. गोधडी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट. घुमणारी खोली कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. सोलापूर रस्त्याच्या बाजूची खिडकी असेल तर आतली खोली घे.
2. बरा माइक आणि इंटरफेस. भजनी मंडळ करायचं असेल तर किमान चार माइक लावता येतील असा.
3. चांगला हेडफोन. पूर्ण कान झाकणारा.
4. बॅकअपची हार्डडिस्क.
5. मग सॉफ्टवेअर.
6. उरलेले वीस-पंचवीस हजार हातात ठेव. धंदा सुरू करताना खिसा मोकळा करायचा नसतो.

उद्यम नोंदणीही करून टाका. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे, कुणालाही त्याचे पैसे देऊ नका.

गाणं तुमचं, पण चाल कुणाची?

हा मुद्दा नवीन पोरं विसरतात. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे, त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण एखाद्या नामवंत संगीतकारानं लावलेली चाल ही त्याची असते. संगीतकाराच्या निधनानंतरही साठ वर्षं हक्क राहतो. त्याचं मूळ रेकॉर्डिंग वापरायचं तर त्याचा हक्क वेगळा. म्हणून मंडळाला विचारा, "चाल कुठली? पारंपरिक की कुणी बसवलेली?" पारंपरिक असेल तर बिनधास्त. नाहीतर परवानगी, किंवा दुसरी चाल. लूप डाउनलोड करतानाही व्यवसायासाठी वापरायची मुभा आहे का, ते वाचा. व्हिडिओवर दावा आला की गिऱ्हाईक यूट्यूबला फोन करत नाही, तुम्हाला करतं.

पुढं काय झालं?

त्या मुलानं भजनी मंडळ निवडलं. कारण साधं होतं, त्याचे आजोबा गावच्या मंडळात टाळ धरायचे, माणसं ओळखीची होती. रीपर उतरवलं. पहिले पाच आठवडे फक्त सराव, घरच्यांचे आवाज, शेजारच्यांची पेटी. मग मंडळाच्या तीन अभंगांचं काम ठरवलं, सहा हजारांत. अर्धा ॲडव्हान्स मिळाला, त्यात स्वतःचे थोडे घालून त्याच दिवशी परवाना घेतला.

काम दिल्यावर चौथ्या दिवशी बुवांचा फोन. "बाळा, दुसऱ्या अभंगात पखवाज दबलाय रे. जरा वर घेतोस का?"

तो मला म्हणाला, "सर, फोन आला तेव्हा पोटात गोळाच आला. जुनं सगळं आठवलं. मग लॅपटॉप उघडला. प्रोजेक्ट उघडला. वीस मिनिटांत पाठवून दिलं." बुवांचं उत्तर आलं, "छान झालं. माऊली!"

हिशेबही सांगतो, कारण आपण धंद्यावर बोलतोय. सहा हजारांच्या कामाला त्याला तीसेक तास लागले. म्हणजे तासाला दोनशे. फार नाही. पण दुसऱ्या मंडळाचं काम त्याच बुवांच्या सांगण्यावरून आलं आणि ते अठरा तासांत संपलं. नोकरी त्यानं सोडलेली नाही, मीच सोडू दिली नाही. आधी सहा महिने सलग काम येऊ दे, मग बघू.

तर मंडळी, तुमच्यासाठी गृहपाठ. आज रात्री कुठलंही सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी वहीत एका ओळखीच्या माणसाचं नाव लिहा, जो तुम्हाला आवाजाच्या कामाचे पैसे देऊ शकतो. उद्या त्याला फोन करा आणि विचारा, नक्की काय हवंय? सॉफ्टवेअरचं नाव त्या फोननंतरच ठरवा.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!